प्रस्थानाची पिशवी

एजंटाचा फोन सोमवारी सकाळी साडेनऊला आला, तेव्हा कौमुदी बॅगांवर लावायच्या चिठ्ठ्या लिहीत होती.

"बेन, एक नानी वात छे," एजंट म्हणाला. "तुमची दोन टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी आहेत ना, तर सामान मध्ये उतरवून परत चढवावं लागेल. म्हणजे विमानतळाबाहेर यावं लागेल. म्हणजे व्हिसा."

"व्हिसा लागत नाही, असं तुम्ही मला दोनदा सांगितलंय."

"ई-व्हिसा छे, बेन. टूरिस्टनो. घरबसल्या होतो. तीन वर्किंग डे. टेन्शन ना लो."

शुक्रवारी संध्याकाळी अहमदाबाद विमानतळ गाठायचा होता. मध्ये व्हिएतनाममध्ये एकोणीस तासांचा थांबा, मग मेलबर्न. कौमुदी आणि तिचा नवरा अनीश यांना ऑस्ट्रेलियात कायम राहायची परवानगी मिळाली होती. पण पहिलं पाऊल रविवारपर्यंत तिथं पडायला हवं होतं, नाहीतर चार वर्षांची खटपट रद्द. आज अर्ज गेला तर व्हिसा गुरुवारी येणार. उद्या गेला तर शुक्रवारी, म्हणजे देवाच्या भरवशावर.

नानी वात! तेरा वर्षं कौमुदीने नंदेसरीच्या रसायन कारखान्यात माल तपासण्याचं काम केलं होतं. असल्या 'लहान गोष्टी'साठी तिने भरलेले टँकर दारातून परत पाठवले होते. तिने फोन ठेवला आणि ज्या कानाला तो लावला होता तो कान पदराने पुसला.

अर्जाला पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो हवा होता. पासपोर्ट गेल्याच महिन्यात नवे झाले होते. जुन्यांच्या नकला लॅपटॉपमध्ये तीन ठिकाणी होत्या, नव्यांची एकही नव्हती. हे तिला स्वतःचंच फार लागलं. तिने कपाटाचा खण उघडला. खण रिकामा होता.

"बाबांना विचार," अनीश चहा पिता पिता म्हणाला.

तिचे सासरे धनाजीराव हिंचक्यावर झुलत पेपर वाचत होते. मान वर न करता ते म्हणाले, "प्रस्थानात आहेत."

शुक्रवारी अमावास्या. म्हणून धनाजीरावांनी गेल्याच गुरुवारी, चांगला दिवस बघून, प्रस्थान ठेवलं होतं. निघणाऱ्याची एखादी वस्तू, अक्षता, सुपारी, हळकुंड असं एका पिशवीत बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, की प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरतात. एकदा उंबऱ्याबाहेर गेलेली पिशवी परत घरात आणायची नसते. हे कौमुदीला ठाऊक होतं. तिने त्यासाठी स्वतःची एक ओढणी काढूनही दिली होती.

"पण पासपोर्ट कशाला घातलेत, बाबा?"

"मग परदेशी कोण चाललंय? ओढणी?" धनाजीरावांनी पेपरची घडी घातली. "आमचे आजोबा विलायतेला निघाले, तेव्हा प्रस्थानात त्यांनी दरबारची पगडी ठेवली होती. वस्तूला वजन हवं."

"बाबा, तुम्ही नवसारीला जाताना तर कधी काही ठेवत नाही," अनीश हसला.

"नवसारी समुद्रापार नाही."

कौमुदी चपला घालून, पिशवी ठेवली होती त्या समोरच्या बंगल्यात गेली. तरसालीच्या त्या सोसायटीत गुणवंतभाईंचं दार दिवसभर उघडंच असे. त्यांची बायको प्रेमलाबेन हातात झाडू घेऊन स्टुलावर उभी होती.

"आओ, कौमुदीबेन! नाक धरीने आओ. घरात उंदीर मेलाय. दोन दिवस शोधतेय. सोफा हलवला, फ्रिज हलवला, काही सापडत नाही."

"बाबांनी पिशवी दिलीय ना, ती हवी होती."

"ती तर देवघरात आहे. पवित्र वस्तू, पाय लागायला नको." त्या उतरल्या, देवघराखालचं लाकडी कपाट उघडलं, आणि दोघी एकदम मागे सरकल्या.

उंदीर मेला नव्हता. लाल कापडी पिशवीचा तळ काळा पडून फळीला चिकटला होता. चिलटांचा एक ढग उठला आणि देवाच्या समईभोवती फिरू लागला. मे महिन्यातले चार दिवस, बंद कपाट. कौमुदीने दोन बोटांनी पिशवी उचलली आणि व्हरांड्यात नेऊन वर्तमानपत्रावर पालथी केली. अक्षता, सुपारी, हळकुंड, ओढणी. आणि दोन केळी, किंवा केळ्यांचं जे काही उरलं होतं ते. साल काळी होऊन फाटली होती. आतून तपकिरी, फेसाळ पाणी निघून सगळ्यांत खाली ठेवलेल्या पासपोर्टांवर साचलं होतं.

धनाजीराव रस्ता ओलांडून फाटकाशी येऊन थांबले होते.

"केळी?" कौमुदीने विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"फळ लागतं. नारळच ठेवणार होतो. पण पेपरात आलं होतं, विमानात सुकं खोबरं नेऊ देत नाहीत. म्हटलं, उगाच अडवतील."

"पिशवी विमानात जाणार नव्हती, बाबा. ती इथं राहणार होती."

"प्रवास तर तोच ना!"

प्रेमलाबेनने पदर तोंडाला लावला; हसायला की वासाने, ते कळलं नाही. कौमुदीने पासपोर्ट उचलून घराकडे वळायला पाऊल टाकलं, तसे धनाजीराव हात आडवा करून उभे राहिले.

"आत नको. गेलेलं प्रस्थान परत आलं, की अपशकुन."

तिने घराच्या दारात उभ्या अनीशकडे पाहिलं.

"राहू दे ना गं," तो म्हणाला. "चारच दिवसांचा प्रश्न आहे. त्यांचं वय बघ."

चहाचा कप अजून त्याच्या हातात होता. गेल्या तेरा वर्षांत तिला त्याचा कधी राग आला होता, कधी कंटाळा आला होता. त्या क्षणी पहिल्यांदा त्याच्याकडे बघवेना. "माझा लॅपटॉप, कापूस आणि टिश्यूपेपरचा खोका आणून दे," एवढंच ती म्हणाली, आणि प्रेमलाबेनच्या जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसली.

पहिलं पान प्लास्टिकच्या आवरणाखाली होतं, हे नशीब. कारखान्यात काचेची भांडी पुसत तसं तिने ते पुसलं: उकळून निववलेलं पाणी, कापूस, एकाच दिशेने, प्रत्येक वेळी नवा बोळा. पानातळाच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींवर साय धरली होती; ती निघायला वीस मिनिटं लागली. अनीशच्या पासपोर्टची मधली पानं फुगली होती. त्यांत टिश्यू घालून तिने दोन्ही पंख्याखाली ठेवले. पुसताना केळ्याचा तो आंबूस गोड वास नखांत शिरला. साबणाने तीनदा हात धुऊनही तो गेला नाही.

मग तिने फोटो काढले आणि अर्ज उघडला. येण्याचं कारण? यादीत 'पर्यटन' होतं. तेरा वर्षांची नोकरी सोडून, घर आवरून, उरलेला संसार चार बॅगांत भरून निघालेल्या बाईने 'पर्यटन'वर बोट ठेवलं. त्या दिवशी त्या शब्दाचीही तिला शिसारी आली. दीड वाजता दोन्ही अर्ज गेले.

गुरुवारी दुपारी व्हिसा आले. धनाजीरावांनी त्याच दिवशी प्रतापनगरच्या बहिणीला, पुण्याच्या भाच्याला आणि सोसायटीच्या वॉचमनला फोनवर किंवा तोंडी सांगितलं, की प्रस्थान परत घरात आलं नाही म्हणून काम अडलं नाही. कौमुदी शेजारच्या खोलीत शेवटच्या बॅगेवर चिठ्ठी लावत होती. शुक्रवारी दुपारी निघताना तिने त्यांना वाकून नमस्कार केला. हात पायांना लागले नाहीत. एक वीत अंतर राहिलं, ते फक्त तिला ठाऊक.

अहमदाबादच्या काउंटरवरच्या मुलीने अनीशचा पासपोर्ट उघडला आणि नाक आक्रसलं. "इस पे कुछ गिरा था क्या?"

"प्रसाद," अनीश म्हणाला.

मुलीने पासपोर्ट यंत्रावर ठेवला. यंत्र गप्प. पुन्हा ठेवला. गप्प. तिने वळून वरिष्ठांकडे पाहिलं. मागची रांग पुढे रेटू लागली. अनीशच्या कपाळावर घाम आला. कौमुदीने पर्समधून डबी काढली, कापसाचा बोळा ओला करून पुढे केला.

"खालच्या दोन ओळी पुसा. डावीकडून उजवीकडे, एकदाच."

मुलीने पुसलं. तिसऱ्या वेळी यंत्र वाजलं. कौमुदीचा पासपोर्ट पहिल्याच खेपेला लागला. बोर्डिंग पास हातात पडले.

अनीशने लगेच वडिलांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला.

"बघ," धनाजीराव म्हणाले, "ठेवलं होतं म्हणूनच पार पडलं. केळ्यांचा राग धरू नकोस हं."

"नाही धरत. बाबा, तुमच्या पंचांगाशेजारी एक बरणी ठेवलीय, घट्ट झाकणाची. प्रेमलाबेनला सांगितलं होतं, आम्ही निघालो की तुमच्याकडे आणून ठेवा. प्रवास सुरू झाला, आता परत घरात आली तरी चालतं ना?"

फोनवर चपलांचा आवाज आला, मग बरणी सरकवल्याचा. धनाजीरावांनी बरणीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि शेवटी त्यांचा आवाज बारीक झाला.

"प्रस्थान. केळी, नग दोन. ठेवली गुरुवार, उघडली सोमवार. नापास."

बरणी पुन्हा सरकवल्याचा आवाज आला.

"फेकून देऊ का ही केळी?" त्यांनी विचारलं.

"नका. नापास मालाचा नमुना आमच्याकडे तीन वर्षं जपून ठेवतात," कौमुदी म्हणाली, फोन अनीशला दिला, आणि पर्समधला उरलेला कापूस काढून बोटं पुसू लागली.