राखीव बाई

"माह्याकडे कायले पाहून राह्यली वं? तिकडे फाटकाकडे पाय!" मैनाबाईनं पदर तोंडावर ओढला.

नलूनं मान वळवली. दिग्रसच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये फाटकाजवळच्या बाकावर बसून राहणं हेच तिचं काम होतं. ही कल्पना मालकांचे पुतणे अतुलशेठ यांची. ऐन हंगामात दोन बाया तापानं पडल्या, कापूस यंत्रापर्यंत पोचेना, तेव्हा ते नुकतेच पुण्याहून शिकून आले होते. माणूस आजारी पडतोच, हे त्यांना तिथं फी भरून समजलं होतं. म्हणून एक बाई राखीव. कोणी आजारी पडली तर तिच्या जागी राखीव बाईला काम आणि पूर्ण हजेरी, सगळ्या ठणठणीत असल्या तर अर्धी.

योजनेत खोट काढायला जागा नव्हती. दुसरीच्या तापावर जिची चूल पेटते, तिच्याकडे बाकीच्या बाया कशा पाहतील, एवढंच अभ्यासक्रमात नव्हतं.

सुरुवातीलाच नलूनं प्रियंकाला सहज विचारलं होतं, "काय वं, बरं नाई काय?" दुसऱ्या दिवशी प्रियंकाला उलट्या. आदल्या रात्री लग्नात तिनं वाट्यावर वाट्या बासुंदी रिचवली होती. पण बासुंदीवर कोणी संशय घेतला नाही. सासूनं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही, म्हणजे नजर पक्की.

तेव्हापासून डोकं फुटत असलं तरी बाया बाकासमोरून ताठ चालत. मुकादम रामलालचा संशय वेगळाच होता. कोणी घरी राहिली की म्हणे, "तुमची सेटिंग हाये, हजेरी वाटून घेता." कोणी राहिली नाही की म्हणे, "फुकटची बसून राह्यली."

शेवटी योजना इतकी यशस्वी झाली की आजारी पडणंच बंद झालं. अतुलशेठनी लॅपटॉपवर आलेख पाहिला आणि विचारलं, "मग राखीव बाई कशाला?" शनिवारपर्यंत कोणी आजारी पडलं नाही, तर नलूला सुट्टी. कायमची.

आज शनिवार होता आणि मैनाबाईचे डोळे लाल झाले होते. कापसाच्या ढिगाजवळ ती टोपलं धरून उभी होती. ते उचलायला दोनदा वाकली आणि दोन्हीदा तशीच सरळ झाली.

रामलाल आला. "काय वं नलू, हाये काय कोणी बिमार? बोल ना, तुह्याच फायद्याचं हाये."

मैनाबाईनं टोपल्याचा काठ घट्ट धरला. ढिगापाशी सगळ्या बायांचे हात थांबले.

"नाई भाऊ," नलू म्हणाली. "समद्या चांगल्या हायेत."

"पाय बरं. मंग मी शेठले तसं सांगतो."

"सांगा."

तो ऑफिसकडे गेला. नलू उठली, मैनाबाईसमोर गेली आणि टोपल्याचा दुसरा काठ धरला.

"मले काई झालं नाई," मैनाबाई म्हणाली.

"मी कुठी म्हटलं, मावशी?"

दोघींनी टोपलं उचललं. दोघी यंत्राच्या घरघरीकडे निघाल्या. अर्ध्या वाटेवर मैनाबाईनं आपल्या बाजूचा भार हळूच सैल सोडला. नलूनं तो घेतला आणि पावलं तिच्याइतकीच सावकाश टाकत राहिली.