डिस्कमधलं घोरणं

घोरण्याच्या बाबतीत देवानं मोठी मजेशीर सोय करून ठेवली आहे. ज्याचं त्याला ऐकू येत नाही. थोरलीला मात्र आपलं घोरणं ऐकू आलं, तेही टीव्हीवर, धाकट्या जावेच्या शेजारी बसून.

डिस्क होती मामंजींच्या गाण्याची. ते जाऊन बरीच वर्षं झाली. एकदा घरच्याच बैठकीत त्यांनी देवाची लांबलचक आळवणी गायली होती आणि कोणीतरी ती कॅमेऱ्यात धरली होती. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला तीच सगळ्यांसमोर लावायचं ठरलं. त्या सगळ्यांत नव्या विहीणबाईही असणार होत्या. कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. आणि चित्राच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, आ वासून थोरली ढाराढूर!

तिनं डिस्क उचलली आणि व्हिडिओवाल्याचं दुकान गाठलं. धाकटी न बोलावता मागोमाग आली. "मी आपली सोबतीला," म्हणाली.

"माझं घोरणं तेवढं काढून टाका," थोरलीनं हळूच सांगितलं.

"डिस्कवरचं नुसतं बघायचं असतं, काकू. कापाकापी करायची तर आधी ते कॉम्प्युटरला चालेल अशा फाइलमध्ये बदलून घ्यावं लागतं. डिस्क आहे तशीच राहते."

"म्हणजे पुरावा शाबूत," धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस गं!"

पडद्यावर निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकत राहिली. एकदाची फाइल तयार झाली. वर चित्र, खाली आवाजाची वेडीवाकडी रेघ.

"ही बारीक नक्षी म्हणजे गाणं," व्हिडिओवाला म्हणाला. "पण मधूनमधून हे डोंगर कसले?"

"त्या आमच्या जाऊबाई," धाकटीनं ओळख करून दिली.

चित्राचं काम सोपं निघालं. चौकट जरा आवळली आणि कोपऱ्यासकट थोरली गायब झाली. आवाज मात्र ऐकेना. माइक एकच, त्यामुळे दोन्ही आवाज एकमेकांत गुंतलेले. त्यानं एकेक डोंगर कापला आणि गाणं लावलं. मामंजी लंगडायलाच लागले! जिन्याची पायरी चुकावी तशी प्रत्येक ओळ धडपडत होती.

"असं कसं?" तो पुटपुटला. त्यानं कापलेलं परत जोडलं, चौकट सैल केली आणि नीट बघितलं. मामंजी ओळ संपवून कोपऱ्याकडे बघत होते. मिशीतल्या मिशीत हसत थांबत होते. थोरली घोरली की बरोबर त्याच क्षणी गुडघ्यावर थाप देऊन पुढची ओळ उचलत होते.

"अगंबाई! मामंजी माझ्या घोरण्यावर ठेका धरतायत!"

धाकटी काउंटरला धरून हसत खाली बसली.

"घोरणं काढलं तर गाणं मोडतं, काकू. त्यांचं दुसरं रेकॉर्डिंग आहे?"

नव्हतं. थोरलीच्या डोळ्यांसमोर आधी विहीणबाईंचं नाक मुरडणं आलं, मग पुढच्या खुर्चीत कान देऊन बसलेल्या सासूबाई आल्या. तिनं एक सुस्कारा सोडला.

"राहू दे सगळं. चित्रातून तेवढं मला काढा."

"आणि मी कुणाला सांगितलं तर?" धाकटी म्हणाली.

"सांग की. आज रात्री तुझ्या उशाशी माइक ठेवते."

पंचाहत्तरीच्या संध्याकाळी दिवे मालवले, गाणं सुरू झालं. सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांचा हात आपसूक गुडघ्यावर पडू लागला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच विहीणबाई थोरलीकडे झुकल्या.

"गळा काय गोड हो! पण साथीला कोण आहे? वाद्य ओळखीचं वाटेना."

धाकटीनं पदर तोंडात कोंबला. थोरली ताठ बसली.

"मीच होते. आयत्या वेळी बसवलं, तयारी काही नव्हती."

"तयारी नसताना एवढा पक्का ताल?"

सासूबाईंनी डोळे उघडलेसुद्धा नाहीत.

"रियाज दांडगा आहे हो तिचा," त्या म्हणाल्या. "एक रात्र चुकवत नाही."