ओरेस्टच्या खिशातली खुळखुळ

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. विनिपेग नावाच्या थंड शहरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला तो पेपरमिंटसाठी. पेपरमिंट संपल्यावर ओरेस्ट ह्रिनचुकने माझ्यात मासे धरायचे गळ ठेवले. मित्रांनो, त्या काळात माझे फार कौतुक होई. मासा लागला की ओरेस्ट मला थोपटत असे. मासा न लागल्यास दोष तळ्याचा.

ओरेस्ट धान्याच्या कोठीवर कारभारी होता. निवृत्त झाल्यावर त्याला दोनच कामे उरली, सकाळी कट्ट्यावर काळी कॉफी पिणे आणि हिवाळाभर कर्लिंग खेळणे. कर्लिंगमध्ये गुडघ्यावर बसून जड दगड बर्फावरून सोडायचा असतो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांना उभ्यानेच काठीने दगड ढकलायची मुभा असते. शहात्तराव्या वर्षी ओरेस्टचे गुडघे चांगलेच कुरकुरत होते.

"घे की काठी," लॉर्न म्हणे. लॉर्न त्याचा चाळीस वर्षांपासूनचा खेळातला जोडीदार.

"काठी म्हाताऱ्यांना लागते."

"मग तुलाच लागणार!"

ओरेस्टने काठी घेतली नाही. दुखण्यावरच्या गोळ्या घेतल्या आणि गळ काढून त्या माझ्यात भरल्या. त्याच्या शर्टाच्या खिशात मी दिवसभर खुळखुळू लागले. आपण औषधाची डबी झालो, म्हणून मी थोडी फुगलेही होते.

जानेवारीत ओरेस्टला शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले. त्याने बायकोला सांगितले.

"नेटी, तुझ्या बेरीच्या मुरंब्यानं माझं सगळं काळं होतंय."

"तीस वर्षं खातोयस, आत्ताच बरं काळं झालं!" नेटीने रागाने मुरंब्याच्या सगळ्या बरण्या तळघरात नेऊन ठेवल्या. निरपराध मुरंबा कोठडीत गेला आणि मी खिशात मोकळी राहिले. काळे व्हायचे थांबले नाही. ओरेस्ट म्हणाला, मुरंबा अजून अंगातून निघायचाय.

मग एका शनिवारी तो दगड सोडायला बसला आणि उठलाच नाही. तोंड बर्फासारखे पांढरे पडले होते.

"घसरलो," तो पुटपुटला.

"बसल्या जागी कोण घसरतं रे?" म्हणत लॉर्नने त्याला गाडीत घातले. नेटी घरून थेट इस्पितळात आली.

डॉक्टर एझेनवाबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुठली औषधं घेता, आजोबा?"

"औषध? शहात्तर वर्षांत एक नाही," ओरेस्ट छाती काढून म्हणाला.

मित्रांनो, त्याला ते खरेच वाटत होते. डॉक्टरांनी लिहून दिले तर औषध, दुकानातून आपण उचलले तर किराणा, असा त्याचा हिशेब. बाई कागदावर 'काही नाही' लिहू लागल्या. तेवढ्यात नर्सने त्याचा शर्ट काढला आणि मी होता नव्हता तेवढा जोर लावून खुळखुळले.

"हे काय?"

"ते होय? ते गुडघ्याचं."

"दिवसाला किती?"

"दोन."

नेटीने त्याच्याकडे डोळे वटारले.

"सकाळी दोन. दुपारी दोन. खेळ असला की आणखी दोन."

"जेवल्यावर?"

"कॉफीवर."

मग नेटीने काळ्या शौचाचेही सांगून टाकले. बाईंनी पेन खाली ठेवले. "पोटात जखम झालीय, रक्त वाहतंय. काळं होतंय ते रक्तच. वय झालं की या गोळ्या पोटाला सोसत नाहीत."

"पण पोट कधी दुखलं नाही!"

"दुखणं मारायच्या गोळ्या दिवसाला सहा-सहा घेतल्यावर दुखेल कसं?"

तोंडातून पोटात नळी घालून त्यांनी जखमेला रक्त अडवायचा बारीक चिमटा लावला. दोन पिशव्या रक्त चढवले. तिसऱ्या दिवशी बाई हसून म्हणाल्या, "रक्त थांबलं." नेटी खुर्चीत बसली आणि घळाघळा रडली. लॉर्नला बाहेर काहीतरी काम आठवले.

"फेकून दे ती डबी," ओरेस्ट म्हणाला.

"ती बोलली म्हणून तू बोलतोयस," नेटी म्हणाली आणि तिने मला आपल्या रुमालाने पुसले.

आता माझ्यात एक घडी घातलेला कागद असतो. ओरेस्ट पोटात काय काय घेतो, ते सगळे नेटीने त्यावर लिहिले आहे, अगदी किराण्यासकट. कागद खुळखुळत नाही. मला त्या शांततेचे वाईट वाटत नाही. मुरंबा सुटून वर आला आहे आणि ओरेस्ट काठीने खेळतो. पूर्वीपेक्षा बरा खेळतो, हे लॉर्न त्याला मुद्दाम सांगत नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या आजोबांच्या खिशाला एकदा कान लावा. आत काही खुळखुळले, तर डॉक्टरांसमोर मोठ्याने सांगा. आजोबा तुम्हाला चुगलखोर म्हणतील. म्हणू देत. म्हणायला ते असले, म्हणजे झाले.