पहिलटकरीण

कॉम्प्युटर आला तेव्हा मनकर्णा मेश्रामला पेढे वाटावे लागले होते. सक्करदऱ्याच्या त्या बाळंतपणाच्या दवाखान्यात ती कितीतरी वर्षं केसपेपर लिहीत होती. खाटेशी स्टूल ओढायचं, नाव-गाव विचारायचं, सासू फारच मध्ये बोलू लागली तर तिला चहा आणायला धाडायचं आणि मग आवाज खाली करून खरं ते विचारायचं. अठ्ठ्याऐंशी साली एका योजनेतून मशीन मिळालं, ते शिकायला मनकर्णा पुढे झाली आणि तिला मागच्या बाजूची थंड खोली मिळाली. चपला बाहेर काढायच्या, दार लावून घ्यायचं. कागद आता खिडकीवरचा नवा कारकून भरायचा आणि शिपाई आत आणून टाकायचा.

आई गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतं. वॉर्ड होता तोवर ते तिला फारसं जाणवलं नव्हतं. आता दिवसभर मशीनची घरघर ऐकायची आणि संध्याकाळी खोलीवर जाऊन रेडिओ लावायचा, एवढंच उरलं. कधी कधी शिपायाशी दोन शब्द बोलताना आपलाच घसा बसल्यासारखा वाटे.

एका दुपारी दार ढकलून एक बाई आत आली. पोट चांगलंच पुढे आलेलं, डोक्यावर पदर.

"बाई, मले वळखलं का जी?"

मनकर्णाने क्षणभर पाहिलं. "जया नं वं तू? कोपऱ्यातल्या खाटेवरची."

जयाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा तिला पहिली मुलगी झाली होती, संध्याकाळपर्यंतच जगली. नवरा आलाच नाही. जयाचं रक्त थांबत नव्हतं, नर्सा तिच्याभोवती धावत होत्या, आणि कुणाच्या हातात द्यायचं म्हणून ते गाठोडं मनकर्णाच्या मांडीवर आलं होतं. ती मुलगी गेली ती तिथेच.

"दुसरं घर केलं मी," जया म्हणाली. "चांगले लोक हायेत. पण बापानं त्यायले सांगितलं, पोरगी पहिल्या घरी नांदलीच नाही म्हणून. आज खिडकीवर मी पहिलटकरीणच सांगितलं. सासू बाजूलेच उभी होती, काय करू? तुमी ते मागचं काढू नका जी. खाटेवर कागद टांगते म्हणे आता. माहा दीर शिकेल हाय, सारं वाचते."

"अन् मांगच्या टायमाले रक्त किती गेलं, ते?"

"आठवते मले," जया म्हणाली. बाहेरून सासूची हाक आली तशी ती निघून गेली.

जुने सगळे कागद मनकर्णानेच मशीनमध्ये चढवले होते. नव्या कागदावर जुना नंबर घातला की मागचं बाळंतपण, मेलेलं मूल, गेलेलं रक्त, सगळं आपोआप छापून येई. नंबर नाही घातला तर मशीनच्या लेखी ही बाई नवीच. तिने नंबर शोधून काढला. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली आणि मग जागा कोरी सोडून पुढचा कागद घेतला.

त्या संध्याकाळी ती डॉक्टर पांढरीपांडे बाईंकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

"मग मशीनमध्ये टाका ना. त्यासाठीच तर घेतलं."

"टाकलं तर खाटेवर टांगलं जाईल, मॅडम."

डॉक्टर बाईंनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. "बरं. रक्ताची सोय मी करून ठेवते. पण त्या दिवशी मी नसले तर? कोण सांगणार?"

"मी सांगीन."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ती वॉर्डात चक्कर मारू लागली. नव्या नर्सा तिला ओळखत नव्हत्या. "कोणाला भेटायचंय?" असं विचारत. जिथे तिचं स्टूल असायचं तिथे आता कपाट होतं.

जया आली ती भर दुपारी, आणि डॉक्टर बाई नेमक्या रजेवर. मनकर्णा तशीच अनवाणी धावली. लेबर रूमच्या दारात तिने तरुण डॉक्टरला गाठून हळू आवाजात मागच्या वेळच्या रक्ताचं सांगितलं. तो वैतागून म्हणाला, "पेपरवर तर काहीच नाही!"

"पेपरवर नाही. मी सांगतेय. बाटली जवळ ठेवा."

त्याने ठेवली. मुलगा झाला आणि पाठोपाठ रक्त सुरू झालं, मागच्यासारखंच. पण या वेळी सगळं हाताशी होतं. तासाभराने नर्स बाहेर आली आणि म्हणाली, ठीक आहे. मनकर्णा चपला घालायला मागच्या खोलीकडे गेली.

रजेवरून आल्यावर डॉक्टर बाई एवढंच म्हणाल्या, "वाचली. पण पुढच्या खेपेला?"

घरी न्यायच्या दिवशी सासू, तुळसाबाई, बर्फीचा डबा घेऊन सगळ्यांना वाटत फिरत होती. व्हरांड्यात मनकर्णा समोर आली.

"घ्या जी, नातू झाला. पहिलाच हाय." मग जवळ येऊन तिने विचारलं, "माह्या सुनेले रक्त काहून द्या लागलं, बाई? काही खोट तं नाही नं?"

"नाही जी. कोणाकोणाले लागते. पुढच्या टायमालेही इथंच आणजा, अन् रक्त द्या लागलं होतं म्हणून सांगजा. इसरू नका."

"नाही इसरत," तुळसाबाई म्हणाली.

मागे जया उभी होती, बाळ छातीशी धरून. मनकर्णाने तिच्याकडे पाहिलं. जया बाळाच्या टोपड्याची नाडी सारखी करत राहिली, वर पाहिलंच नाही. दिराने रिक्षा आणली. ती चढून बसली, पदर पुढे ओढला, आणि रिक्षा फाटकाबाहेर वळली.

जयाची ती पहिली मुलगी असती तर आता अंगणात धावत असती. तिला मांडीवर घेतलेलं माणूस या दवाखान्यात एकच होतं, आणि त्या माणसाने आता तिचं नाव कुणाजवळ काढायचं नव्हतं. तिला तर नावही नव्हतं.

मनकर्णा हातातली बर्फी तशीच घेऊन व्हरांड्यात उभी राहिली. मग शिपाई कागद घेऊन येताना दिसला.

"बाई, खोली बंद हाय म्हणून शोधून राहिलो तुमाले."

"आली," ती म्हणाली.