दहावा हात

सकाळपासून पाऊस लागला होता आणि मुली भलत्याच खूश होत्या. मी नव्हते. पन्नाशी जवळ आल्यावर ओले मोजे घालून गाठी शिकवण्यात कसली आलीय मौज? पण पावसामुळे स्काउट-गाइडच्या शिबिरातला एकही कार्यक्रम रद्द करायचा नाही, असा आमचा जुना बाणा. बाणा कसला, हट्टच तो. ओल्या काटक्यांवर चूल पेटवायची स्पर्धा झाली. धूर सगळ्यांच्या डोळ्यांत गेला, चूल एकीचीही पेटली नाही, आणि दोन गटांनी एकमेकींवर काडेपेटी पळवल्याचा आळ घेतला. मग ओढ्यावर दोरीचा पूल बांधायला निघालो.

शिबिरांची बाई झाल्यापासून अकरा वर्षं मी या जागेवर यायचं टाळलं होतं. कधी गुडघा दुखायचा, कधी घरी पाहुणे यायचे. यंदा दुसरी कोणी बाई मिळेना आणि घोंगडं माझ्या गळ्यात पडलं.

बरोबर एकोणीस मुली होत्या. पाण्याजवळ आमचा एक नियम असतो. प्रत्येकीला एक जोडीदारीण, आणि शिट्टी वाजली की असाल तिथे जोडीदारणीचा हात धरून वर करायचा. बाई वर आलेले हात मोजतात, डोकी मोजत नाहीत, कारण रेनकोटातली डोकी सारखी इकडून तिकडे होतात आणि हमखास चुकतात. आमच्या नऊ जोड्या होत्या आणि एकटी उरलेली माझ्याबरोबर. म्हणजे शिट्टीला नऊ हात वर यायला हवेत.

उरलेली होती ती गोगलगाय. मोठ्या बहिणीचा घोट्यापर्यंत येणारा रेनकोट सावरत ती सगळ्यांच्या मागून यायची, म्हणून मुलींनीच तिचं हे नाव पाडलं होतं.

"ताई, मला कोणीच नाही," ती म्हणाली.

"मी आहे ना. दोर बांधून होईपर्यंत त्या झाडापाशी थांब."

दोराने वेळ खाल्ला. तोवर पाणी गढूळ झालं आणि त्याचा आवाज वाढला. मला ते बरं वाटेना. मी शिट्टी वाजवली.

दहा हात वर आले.

पुन्हा वाजवली, पुन्हा दहाच. मग नियम बाजूला ठेवून डोकी मोजली, तर एकोणीस. दहावा हात गोगलगायीचा होता. आत कोणाची तरी बोटं असावीत तशी तिने मूठ वळली होती, आणि तिच्या शेजारी कोणी नव्हतं.

तशी मूठ मी पूर्वी एकदा वर केली होती, याच ओढ्यावर.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि माझी मावसबहीण नऊची. मी जाईन तिथे ती यायची, म्हणून घरात तिला माझं शेपूटच म्हणत. शिबिरात माझी जोडीदारीण तीच. पाऊस असाच होता. माझी पाण्याची बाटली मागच्या वळणावर राहिली आणि परत जायचा मला कंटाळा आला. "पळ, घेऊन ये," मी तिला म्हटलं. "शिट्टी झालीच तर मी हात वर करते." शिट्टी झाली. मी रिकामी मूठ वर केली. बाईंनी हात मोजले, बरोबर भरले, आणि आम्ही पुढे निघालो. अर्ध्या तासाने मला रडू फुटलं, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. ती दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्यापाशी सापडली.

सगळ्यांना मी सांगितलं, "ती हात सोडून पळाली. मी नको नको म्हणत होते." रडणाऱ्या मुलीला कोण खोटं पाडणार? मावशीने तर मला पोटाशी धरलं.

मी गोगलगायीपाशी गेले.

"कोणाचा हात धरलायस गं?"

"हिचा." तिने शेजारच्या पावसाकडे पाहिलं. "लहान आहे माझ्यापेक्षा. तुम्ही ओळखता म्हणाली."

"काय म्हणतेय?"

ती कान देऊन ऐकत राहिली. "म्हणतेय, मी हात सोडला नव्हता. आईला सांग."

मग तिने मूठ उघडली. "गेली. ताई, आता तुम्ही धरा."

मी धरला. तो तळवा बर्फासारखा गार होता. तिचा दुसरा हात धरून पाहिला, तो उबदार होता.

पूल तिथेच टाकून मी सगळ्यांना सभागृहात आणलं. मुली कुरकुरल्या, त्यांना स्वयंपाकीणबाईंच्या हवाली केलं आणि ओल्या कपड्यांनीच व्हरांड्यात जाऊन मावशीला फोन लावला. मावशीने आता सत्तरी ओलांडली आहे, एकटीच असते. मी बाटलीपासून सगळं सांगितलं. मुठीचं सांगितलं, खोटं बोलल्याचंही सांगितलं. आताच्या पोरीच्या हाताचं मात्र सांगायचं धाडस झालं नाही. पस्तीस वर्षं जे जिभेवर येत नव्हतं ते सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, याची मला फार लाज वाटली.

"म्हणजे तू सांगितलंस म्हणून गेली ती," मावशी म्हणाली.

"हो."

"आणि मी तिला बोलत राहिले गं. शेवटचे केस विंचरतानासुद्धा रागावले. ताईचा हात सोडू नकोस म्हणून बजावलं होतं ना, म्हटलं. मेल्यावरही मी तिला सोडलं नाही. अजून रोज एकदा तरी बोलतेच."

"मावशी, मला बोल. हवं ते बोल."

"तुझं नंतर बघते," मावशी म्हणाली. "आधी फोन ठेव. मला तिच्याशी बोलायचंय."