नारिंगी पोटाचा सुभेदार

मी काचेच्या टाकीतली एक मासोळी बोलतेय. अंगावर काळे पट्टे, पोटावर नारिंगी झाक, लांबी तुमच्या करंगळीएवढी. दुकानात आमच्या जातीला झेब्रा सिक्लिड म्हणतात. घरात मला 'सुभेदार' म्हणतात. ते नाव कसं पडलं, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म सांगलीजवळच्या एका सिमेंटच्या हौदात झाला. अंगावर पट्टे उमटले, तशी मी पाण्याच्या पिशवीतून मिरजेच्या एका दुकानात आले. तिथे एक दिवस हंबीरराव आले. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ, कमी बोलणारे. त्यांची बायको अंबूबाई तिथल्याच दवाखान्यात होती. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं. घरी गेल्यावर तिला पडल्या पडल्या बघायला काहीतरी हवं, म्हणून ते मासे न्यायला आले होते.

"नर-मादी जोडी द्या," ते म्हणाले.

"लहान हायत काका. एवढ्यात सांगता येत न्हाई," दुकानदार म्हणाला.

"त्यात काय सांगायचं? कोंबडा बघा, मोर बघा. रंग असतो त्यो नर."

माझं पोट नुकतंच रंगायला लागलं होतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि मी नर ठरले. शेजारची फिकी मासोळी मादी ठरली. दुकानदाराने वाद घातला नाही. खरं तर आमच्यात उलटं असतं. रंग मादीच्या पोटावर चढतो. नर राखाडी, अंगाने थोराड, त्याचे पर लांब आणि टोकदार. सोबतीण माझ्याहून लहान होती, तिचा रंग अजून यायचा होता, एवढंच. पण माशाला कोण विचारतो?

औंधजवळच्या त्यांच्या घरी आमची टाकी अंबूबाईच्या खाटेसमोर ठेवली. हंबीरराव स्वतः हवालदारच राहिले, मला मात्र त्यांनी सुभेदार केलं. अंबूबाई दिवसभर आमच्याकडे बघत पडायची. डॉक्टरांनी तिला वॉकर धरून चालायला सांगितलं होतं. तिला पडायची धास्ती होती. वॉकर भिंतीला टेकून उभा असे, त्याच्यावर टॉवेल वाळत.

काही महिन्यांनी टाकीतल्या आडव्या कुंडीत अंडी आली. घरात आनंद झाला. दोन दिवसांत अंडी पांढरी पडली आणि त्यांना बुरशी आली. असं तीनदा झालं. दर वेळी अंबूबाई भिंतीकडे तोंड करून झोपायची.

शेजारचे नानासो चहाला आले होते. टाकीत वाकून म्हणाले, "सुभेदार गडी झ्याक हाय, पर बायकू वांझ दिसतीया. बदलून आणा की."

हंबीररावांनी मान डोलावली आणि मासे धरायची जाळी घेतली. सोबतीण कुंडीत जाऊन बसली. परत आलेल्या माशाला दुकानात मोठ्या माशांच्या टाकीत टाकतात. तो पुन्हा दिसत नाही. ते मी पाहिलं होतं, तिनेही पाहिलं होतं.

"जाळी ठेवा खाली," अंबूबाई म्हणाली.

"अगं, तुलाच पिलं बघायची हायत न्हवं?"

"लगीन झाल्यावर सात वर्सं मलाबी वांझच म्हणत हुते. तुमी तवा जम्मूला. वर्साला एकदा रजा, त्यातली निम्मी ऊसतोडीत." ती थांबली. "त्यो वॉकर द्या हिकडं."

नानासोंनी कप खाली ठेवला. हंबीररावांनी टॉवेल काढून वॉकर पुढे केला. खाटेपासून टाकीपर्यंत चार पावलं. ती चारही पावलं अंबूबाई चालली. दम खात तिने काचेवर बोट टेकवलं.

"ह्यो तुमचा सुभेदार. परवा ह्येनंबी कुंडीवर पोट घासून अंडी घातली. रोज बघतीया मी. आन् आता तिचं पोट बघा. तिलाबी रंग चढलाय. दोघी बायाच हायत ह्या. हितं नरच न्हाई, तर पिलं कुठनं यायची?"

हंबीरराव बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी जाळी खिळ्याला अडकवली.

"चुकलं माजं," ते म्हणाले. तेव्हा ते टाकीकडे बघत नव्हते.

नानासो घसा खाकरून म्हणाले, "मंग आता सुभेदारीणबाई म्हणायचं का हिला?"

"ऱ्हाऊ द्या. हुद्दा मिळालाय, त्यो का काढायचा?" अंबूबाई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात हंबीरराव राखाडी, लांब परांचा नर घेऊन आले. त्याने सोबतिणीला निवडलं. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. दोघं मिळून मला हाकलू लागली, माझे पर फाटले. तेव्हा हंबीररावांनी टाकीत मधे काच बसवली. या वेळी अंडी मधाच्या रंगाचीच राहिली. आठवड्याने कुंडीभोवती पिलांचा ढग फिरू लागला. अंबूबाई आता रोज वॉकर धरून येते, आमचं खाणं स्वतः टाकते.

माझे पर पुन्हा आलेत. माणसांनो, तुम्ही घाईने नावं ठेवता. ठेवण्याआधी थोडं थांबून बघत जा.

काल मधल्या काचेखालच्या फटीतून एक पिल्लू माझ्या बाजूला आलं. मी झेप घेतली. अंबूबाईचा खाणं टाकणारा हात तिथेच थांबला. मी पिल्लू तोंडात अलगद धरलं, फटीपाशी गेले आणि त्याच्या आईकडे फुंकून दिलं.