आडवं पडून केलेलं संशोधन

चित्रकलेत संशोधन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे स्पृहाला दोन वर्षांत कुणी धड सांगितलं नव्हतं. तिने ते केलेलं नाही, हे सांगायला मात्र सौमित्र सर सदैव तयार. "चित्रं छान आहेत गं, पण तुझी पद्धत कुठाय?" असं म्हणून त्यांनी तिचा प्रबंध दोनदा परत केला होता. या महिन्यात पद्धत दिसली नाही तर वर्ष गेलं, हेही त्यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं.

गिरणी कामगार एका खोलीत कसे राहायचे, हा तिचा विषय. म्हणून ही दादरची मुलगी छापील प्रश्नावली आणि मोजपट्टी घेऊन काळाचौकीच्या एका चाळीत शिरली. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. चाळीने तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि काय ते ओळखलं. पुनर्विकासाच्या सर्व्हेवाली मॅडम आली!

मग काय विचारता! चहा आला, पोहे आले, पाठोपाठ फायली आल्या. एका बाईंनी सुनेला डोळ्यांनी दटावत सांगितलं, "लिहा मॅडम, आमची चूल वेगळी." संध्याकाळी स्पृहाने कागद चाळले. चौदाही घरांची उत्तरं सारखीच. सगळे जन्मापासून इथलेच, आणि सगळ्यांना कोपऱ्यातला फ्लॅट हवा. तिने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ती माफी मागायला गेली. "मी बिल्डरकडची नाही हो. चित्रं काढते." चाळीचा असा हिरमोड झाला की चहाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. हसले ते फक्त कोंडीराम, गिरणीत उभा जन्म काढलेले. त्यांनी तिला आपल्या खोलीत बसवलं.

"मगे कालच सांगूक काय झाला? काय व्हया तुका?"

"आजोबा, या खोलीत तुम्ही किती जण झोपायचात?"

"एकवीस. तीन पाळ्यांचे मिळान."

"दहा बाय बारात? कसे?"

"तुका असा कागदार कळाचा नाय." त्यांनी सुनेचा रांगोळीचा खडू घेतला आणि गुडघे धरत जमिनीवर माणसं आखायला सुरुवात केली. हा दौलत, पाय दाराकडे.

तेवढ्यात दारातून मालनआजी गरजल्या. त्यांनी इथे वीस वर्षं खानावळ चालवलेली. "खोटं कशाला सांगताय, भाऊ? दौलतभावजी भिंतीकडंला झोपायचे. हाका मारून उठवत हुते की मी!"

दोघांचं जुंपलं. दौलत पुसला गेला, पुन्हा भिंतीशी आखला गेला. स्पृहाने प्रश्नावली पिशवीत कोंबली आणि ओलं फडकं घेऊन बसली. खरी माहिती भांडणातून निघत होती. आठवड्याभरात शेजारच्या चार खोल्यांतही खडू पोचला, आणि फायली दाखवणारी मंडळी आता एकमेकांच्या चुका दाखवू लागली. इतकी मजा तिला कॉलेजात कधीच आली नव्हती.

मग सौमित्र सर पाहायला आले. पांढरा कुर्ता, हातात वही. "चित्र मोहक आहे. पण पद्धत?"

उत्तर कोंडीरामांनी दिलं. "सायबानू, वहाणो काढा आणि हय आडवे पडा."

सर चक्क आडवे पडले. पाय उंबऱ्याबाहेर गेले.

"पाय आत घेवा आणि कुशीर वळा. भिंतीक दौलत झोपता."

सरांनी पाय दुमडले, कुशीवर वळले. "आता हलायचं न्हाई," मालनआजींनी बजावलं. "कूस बदलायची तर शेजारच्या दोघांना इचारून." दारातली गर्दी खिदळली. सरही हसले. मग मान वळवून जमिनीवरच्या रेघा एकेक करून बघू लागले.

"कोंडीरामजी, सगळे दिसतात इथे. तुमची जागा कुठली?"

"माझी?" म्हातारा अवघडून हसला. "माझी रातपाळी. सकाळी येवन ह्याच जाग्यार झोपय. तुमी आसात थय."

सर ताडकन उठले आणि भिंतीशी सरकून उभे राहिले. "स्पृहा, पद्धत म्हणून हे सगळं लिहून काढ," ते म्हणाले, आणि वाकून कोंडीरामांना त्यांच्या जागेवर बसायला हात दिला.